खरवईच्या वळणावरचा कट्टा

"अहो, रस्ता अडवून काय चाललंय?"

मी स्कूटीवरूनच ओरडले. अंबरनाथ पूर्वेला माझ्या लॅबमध्ये वेळेत पोचायचं होतं, आणि खरवईच्या वळणावर एक तरुण भर रस्त्यात केशरी शंकू मांडत बसला होता.

त्याने वर पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, गालावर पांढऱ्या रंगाचा फराटा.

"अडवत नाहीये... अरुंद करतोय. म्हणजे गाड्या आपोआप हळू होतील."

"कशासाठी?"

"आपल्या शहरात रस्त्यावर कोणी मरू नये, कोणी जायबंदी होऊ नये. तशी योजना आहे."

मला हसूच आलं. "कोणीच नाही? एकही?"

"एकही नाही," तो म्हणाला. इतक्या सरळपणे, की माझं हसू ओठांवरच विरलं.

"माझे बाबा याच वळणावर पडले," मी म्हणाले. "तेव्हा कुठे होती तुमची योजना?"

तो उठून उभा राहिला. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही. "मला भेटवाल त्यांना?"

रविवारी तो खरंच घरी आला. वरद त्याचं नाव. या योजनेवरचा इंजिनीअर, सोनिवलीत खोली घेऊन राहणारा. बाबांच्या खाटेजवळ जमिनीवरच बसला आणि आईने पुढे ठेवलेल्या जांभळांना हातही न लावता ऐकत राहिला. बाबा शेतावरून परतत होते, टेम्पोने उडवलं, पाय गेला, आणि तेव्हापासून कुबडी.

"चूक माझीच हो," बाबा नेहमीसारखं म्हणाले. "मी बघायला पाहिजे होतं."

"काका, माणूस चुकणारच," वरद हळूच म्हणाला. "कधी दमलेला असतो, कधी विचारात. म्हणून त्याचा पाय जावा? रस्ताच असा हवा, की चुकला तरी माणूस धड घरी पोचेल."

बाबांनी उपरण्याने डोळे पुसले. इतकी वर्षं आम्ही त्यांना 'जाऊ द्या ना' म्हणत आलो होतो... पण हे त्यांना कोणीच म्हटलं नव्हतं.

निघताना मी वरदच्या ओंजळीत जांभळं ओतली. "खा. जीभ जांभळी झाली की मग योजना कशी सांगाल लोकांना?"

"तुम्हाला सांगून झाली ना..." तो हसला. "पुरे आहे."

त्यानंतर त्या वळणावर माझी स्कूटी रोज थांबायला लागली. रस्ता बदलत होता. झेब्रा क्रॉसिंग उंच झालं, मधोमध थांबायला छोटा कट्टा आला. लोक कुरकुरत होते — गाडी पळवता येत नाही म्हणून. मी मात्र वरदशी भांडायची निमित्तं शोधत होते.

एका संध्याकाळी आम्ही दोघं त्या कट्ट्यावर उभे होतो. समोरून कॉलेजची एक मुलगी फोन कानाला लावून सरळ रस्त्यात उतरली. कर्जतच्या बाजूने खडीने भरलेला डंपर येत होता.

मी किंचाळले.

पण अरुंद रस्त्यावर, उंच क्रॉसिंगसमोर डंपर आधीच हळू झाला होता. ब्रेक करकचले. तो थांबला... तिची ओढणी बंपरला लागून फडफडली, बस्स. ड्रायव्हर बाहेर वाकला. "बेटा... घर जा."

मुलगी पलीकडे गेली. गाड्या पुन्हा चालू लागल्या. ना गर्दी, ना रक्त. एक अख्खं आयुष्य आमच्यासमोरून चालत घरी निघालं होतं, आणि रस्त्यावर कोणाला त्याचा पत्ताही नव्हता.

"पाहिलंस?" मी पुटपुटले. तोंडून 'तू' कधी निघालं, कळलंही नाही.

वरदचे डोळे भरले होते. "पाहिलं. ती जिवंत आहे, शलाका..."

मुलगी पलीकडच्या गल्लीत दिसेनाशी झाली.

"पुढच्या आठवड्यापासून मला उल्हासनगरला पाठवतायत," तो म्हणाला. "तिथले रस्ते करायला."

"मग? उल्हासनगर काय परदेश आहे?"

"तसं नाही. पण तू रोज इथून जाणार आणि मी इथे नसणार... हे रस्त्याच्या मधोमध सांगणं बरं दिसत नाही, पण—"

"सांग ना," मी म्हणाले. "इथेच तर सगळ्यात सुरक्षित आहे."

आणि त्याने सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, माझा हात हातात घेऊन.

एक रिक्षा आमच्यासाठी थांबली होती. रिक्षावाला हात हलवून सांगत होता — चला, जा पलीकडे! आम्ही मात्र जागचे हललो नाही.