सीटमागची रायफल

लायल सेवेरसनच्या ट्रकात रायफल सापडली सोमवारी सकाळी सात वाजता, आणि साडेसातला त्याच्या हातात बेड्या होत्या.

दुसऱ्या कुणाच्या ट्रकात सापडली असती, तर पोलिसाने "काय, शिकार मिळाली का?" एवढंच विचारलं असतं. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटातल्या त्या गावात ज्याच्या ट्रकात बंदूक नसेल तोच माणूस विचित्र. पण लायलने बाविसाव्या वर्षी, दारूच्या नशेत, एक घर फोडलं होतं. शिक्षा भोगून अठरा वर्षं झाली, तरी बंदुकीला हात लावायची बंदी जन्मभराची. ती मोडली की कमीत कमी पाच वर्षं आत. आणि घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी ब्रिटा, जिची आई गेल्याच वर्षी कॅन्सरने गेलेली.

त्याला सरकारने दिलेल्या वकिलाला, रे ओर्तिझला, ॲरिझोनाच्या वाळवंटातून येऊन जेमतेम चार महिने झाले होते. तपासाला त्याने आयला कोइविस्तोला बोलावलं. वीस वर्षं जंगलखात्यात शिकारचोर पकडून आता वकिलांसाठी खासगी तपास करणारी ही साठीची बाई. तिच्यापुढे रेची बोलतीच बंद व्हायची.

जामिनावर सुटलेल्या लायलच्या स्वयंपाकघरात पाय टाकला आणि रेचा चष्मा पांढराफटक झाला.

"दर वेळी आंधळा होतो मी!"

"बाहेर उणे अठ्ठावीस आहे, वकीलसाहेब," आयला म्हणाली. "चष्मा उबेत, कोटाच्या आत ठेवत जा. लायल, तू बोल."

"ट्रक रविवारी दुपारी अंगणात लावला, तो हललाच नाही. कुलूप नसतं. इथे कोण लावतं? सहा पन्नासला कुणीतरी नाव न सांगता पोलिसांना फोन केला. पोलीस जवळच होता. सीटमागून रायफल काढली, सरळ इथे आणली, टेबलावर ठेवून फोटो काढले. ब्रिटा समोर दलिया खात होती."

रेकडे ते फोटो होते. रायफलीवरच्या दुर्बिणीच्या काचेत छताचा दिवा लख्ख दिसत होता. नळीवरचा नंबरही स्पष्ट. तो लायलच्या सासऱ्याच्या, वॉल्ट हेगडालच्या रायफलीचा. त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच चोरीची तक्रार दिली होती.

"पोलिसाने पुसली होती?" आयलाने विचारलं.

"छे! ठसे जातील म्हणून नुसती टोकाला धरली होती. आणली, ठेवली, फोटो."

"सकाळी कोण आलं होतं?"

"साडेसहाला शेजारचा डेनी माकी. पावणेसातला सासरे, ब्रिटाला शाळेत न्यायला. तिचं आवरलं नव्हतं, म्हणून अंगणातूनच हॉर्न वाजवून गेले."

डेनी माकी दारातच तडकला. "माझ्या गाडीची बॅटरी मेली होती! बर्फावरच्या उघड्या स्नोमोबिलवरून आलो, दोन मैल, नाक गळून पडायचं बाकी होतं. लायलच्या सीटमागून बॅटरी जोडायच्या केबली काढल्या. तिथे रायफलबियफल काही नव्हतं."

"तुमचं आणि लायलचं भांडण आहे म्हणे," रे म्हणाला.

"माझ्या कुत्र्याने त्याच्या कोंबड्या खाल्ल्या. त्यापायी कुणी कुणाला पाच वर्षं आत पाठवतं होय?"

बाहेर येताच रे म्हणाला, "हाच! सीटमागे हात घातल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगतोय."

"घाई नको," आयला म्हणाली.

वॉल्टने त्यांना शेगडीजवळ बसवलं, कॉफी दिली. "गॅरेजातून गेली रायफल. तिथे शेगडी नाही, मी फारसा जात नाही. लायलनेच नेली असणार."

"तुम्ही सोमवारी लायलच्या ट्रकाजवळ गेला होतात?"

"कशाला? पिकअपमध्ये हीटर फुल लावून बसलो होतो. हॉर्न वाजवला, निघालो." मग म्हातारा कपातच बघत म्हणाला, "जूनमध्ये पोरीला घेऊन डाकोटाला चाललाय तो. तेलविहिरीवर नोकरी. मुलगी गेली माझी. आता नात वर्षातून दोनदा दिसणार."

दुसऱ्या दिवशी आयला पुन्हा वॉल्टच्या घरी आली, रे आणि लायलला घेऊन. रेचा चष्मा दारातच पांढरा झाला.

"बघ," आयला म्हणाली. "गारठलेली काच उबेत आली की धुरकटते. रायफल रात्रभर ट्रकात असती, तर लायलच्या स्वयंपाकघरात तिचं लोखंड घामेजलं असतं, दुर्बीण आंधळी झाली असती. पण काचेत दिवा दिसतोय. म्हणजे रायफल उबदार होती. नुकतीच ठेवलेली."

"मग माकी?" रेने विचारलं.

"तो उघड्यावर दोन मैल आला. बंदूक असती तर बर्फासारखी गार पडली असती. वर अर्धा तास ट्रकात. आणि गॅरेजातून नेणाऱ्या चोराला ती उबेत ठेवून, नेमकी सातच्या आधीच्या पंधरा मिनिटांत आणून टाकायचं काय कारण? त्या सकाळी हीटर लावून एकच गाडी आली." ती वळली. "वॉल्ट, रायफल घरातून गेलीच नव्हती. चोरीची तक्रार खोटी, फोनही तुमचा."

म्हाताऱ्याने हातातला कप खाली ठेवला. मग चेहरा झाकून रडायला लागला. "पोर इथे राहावी, एवढंच हवं होतं मला. करायला गेलो एक…"

लायलच्या मुठी आवळल्या होत्या. पण तो रेकडे वळून म्हणाला, "माझी काही तक्रार नाही. सोडून द्या त्यांना."

"तुझ्या हातात नाही ते," रे हळूच म्हणाला. "खटला तुझा नाही. मिनेसोटा राज्याचा आहे. तुला सोडवायला मला हे सांगावंच लागणार. पुढे कोणता गुन्हा लावायचा ते सरकारी वकील ठरवणार."

"मी तुरुंगात जाईन?" वॉल्टने विचारलं. रेकडे नाही, लायलकडे बघून.

लायल समोरची खुर्ची ओढून बसला. "वय बघून कदाचित नाही. पण पहिली रात्र काढावी लागली तर अंगावर गरम घालून जा, तिथे पांघरूण पातळ असतं. वकिलाशिवाय एक अक्षर बोलू नका. गुन्हा मोठा लागला तर बंदूक विसरा. घर भाड्याने मागायला गेलात की अर्जात गुन्ह्याचा रकाना असतो, भरावा लागतो. दर वेळी."

"आणि ब्रिटा? असल्या माणसाच्या घरी तिला…"

"ते राज्य नाही ठरवत. ते मी ठरवतो," लायल म्हणाला. "तिच्या देखत मला बेड्या पडल्या, वॉल्ट. त्या कुणामुळे पडल्या ते तिला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. तिने ऐकून घेतलं आणि तरी यायचं म्हणाली, तर रविवारी जेवायला आणीन."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि कोट शोधायला उठला. शाळा सुटायला अजून वीस मिनिटं होती.