दहापैकी दहा

कारखान्यात सगळे त्यांना मोजणीवाले म्हणत. काम म्हटलं तर सोपं. रंगाच्या कारखान्यातून खाडीत सुटणारं पाणी एका काचपेटीत भरायचं, त्यात बोटभर लांबीचे दहा मासे सोडायचे आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजायचे. नऊ जगले तर पाणी पास, आठ जगले तर बोंब. पेटीतला मासा साठ्याच्या टाकीतल्या माशांत मिसळू नये म्हणून आधी प्रत्येकाच्या शेपटीला कात्रीनं बारीक खाच द्यायची. मोजणीवाले कात्री तिरकी धरत, त्यामुळे खाच डावीकडे खोल आणि उजवीकडे उथळ यायची. "माझी सहीसुद्धा इतकी सारखी येत नाही," असं ते चहा पिताना सांगत.

आता खोटं कशाला बोला? मासे मरत. तिसऱ्या दिवशी चार-पाच तरी हमखास उलटे तरंगत. मग मोजणीवाले इकडंतिकडं बघून मेलेले उचलत, मागच्या खिडकीतून खाडीत भिरकावत, टाकीतून तितकेच ताजे काढून त्यांच्या शेपटीला तशीच खाच देत आणि वहीत लिहीत: दहापैकी दहा जिवंत. तीन वर्षं हे चाललं होतं. साहेबांनी तोंडानं कधी काही सांगितलं नाही. "आपलं सगळं ठीक आहे ना?" एवढंच ते विचारत, आणि सगळं ठीक असे.

खाडीच्या पलीकडच्या काठावर मोजणीवाल्यांचा थोरला भाऊ राहायचा. दादानं जन्मभर त्याच पाण्यात जाळं टाकलं, दोन्ही वेळा तिथलेच मासे खाल्ले. गेल्या वर्षापासून त्याचे हात कापायला लागले. आधी पेला हिंदकळायचा, मग जाळ्याची गाठ मारता येईना. मागच्या रविवारी तर त्यानं धाकट्या भावाकडं बघून विचारलं, "तुम्ही कोणाकडं आलात?"

वहिनी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात काय आहे ते लेखी आणा, म्हणजे औषधाची दिशा ठरवता येईल. लेखी तर होतंच. मोजणीवाल्यांच्याच अक्षरात, तीन वर्षांचं, पाण्यात काही नाही म्हणून. आपल्याच हातानं आपल्याच माणसाचं वाटोळं केलं, हे त्यांना पुलावरून परतताना पुरतं कळलं, आणि लाजेनं कुणाकडं बघवेना. त्यांनी ठरवलं, या खेपेला जे मरतील ते मेले म्हणून लिहायचे. नोकरी गेली तर गेली.

सोमवारी दहा मासे सोडले. मंगळवारी संध्याकाळी तीन मेले. पुरावा हवा म्हणून मोजणीवाल्यांनी ते स्पिरिटच्या बरणीत घातले, वहीत सात लिहिले आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली एकच, ती त्यांच्या कमरेला.

बुधवारी सकाळी मोजले तर दहा.

"म्हातारचळ लागला," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी पुन्हा मोजले. दहा. साठ्याच्या टाकीत चाळीस होते, ते चाळीसच्या चाळीस जागेवर. बरणीत तीन. पेटीतल्या दहाही शेपट्यांना तीच खाच होती, पण तिघांची ताजी दिसत होती, कडा अजून लालसर. मागच्या खिडकीखालची फरशी ओली होती.

संध्याकाळपर्यंत आणखी चार मेले. बरणीत सात झाले. गुरुवारी सकाळी पेटीत पुन्हा दहा.

मग मोजणीवाले हलले नाहीत. खिडकीला आतून कडी, दाराला कडी, आणि स्टुलावर बसून राहिले. मासे खात नव्हते. काचेवर बोटानं टकटक केलं तरी एकही बिचकेना. मासा सावलीलाही घाबरतो, हे तर पोरालाही माहीत असतं. हे दहा मात्र एका रांगेत, काचेला तोंड लावून त्यांच्याकडंच बघत होते.

बाराच्या सुमाराला एक उलटा झाला. त्यांनी तो उचलून बरणीत टाकला आणि वहीत लिहायला मान वळवली. मान वर केली तेव्हा पेटीत दहा होते.

टेबलावरची कात्री ओली होती.

दारावर थाप पडली. साहेब. आत येऊन त्यांनी पेटीतले मासे मोजले आणि खूश झाले.

"साहेब, हे मेलेत. आठ." मोजणीवाल्यांनी बरणी पुढं केली.

"दहा टाकले होते?"

"हो."

"दहा आहेत. मग हे कुठले?"

साहेब हसून निघून गेले आणि मोजणीवाले बरणी धरून उभेच राहिले.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "भाऊजी, लगेच या. हे अगदी बरे झालेत."

ते पूल जवळजवळ पळतच ओलांडून गेले. दादा ओट्यावर बसून जाळ्याला गाठी मारत होता. भराभर, एकसारख्या. हात जरासुद्धा कापत नव्हते. "ये रे," तो म्हणाला. मोजणीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं त्यांना ओळखून पुन्हा अरे-तुरे केलं होतं.

"कधीपासून?"

"बारा वाजल्यापासून," वहिनी म्हणाली. "आधी घाबरवलंच होतं मला. निपचित पडले, श्वासच दिसेना. मी शेजारी पळाले फोन करायला. परत येते तर उठून बसलेले. तेवढं जेवायला नको म्हणतात."

मागचं दार उघडं होतं. दारापासून पाण्यापर्यंत चिखलात एक रुंद पट्टा उमटला होता, काहीतरी जड ओढत नेल्यासारखा.

"होडी काढली होती आज?"

"छे. होडी महिनाभर जागची हललेली नाही."

होडी कोरडी होती.

मोजणीवाले दादाजवळ बसले. दादानं गाठी थांबवल्या आणि त्यांच्याकडं बघितलं. बघतच राहिला. पापणी लवली नाही.

"ठीक आहेत ना हो आता?" वहिनीनं विचारलं.

दादाच्या कानाच्या पाळीला एक बारीक खाच होती. कडा अजून लालसर. डावीकडे खोल, उजवीकडे उथळ.