एक मत कमी

गॅरेजची जमीन फोडताना कामगाराची पहार एकाएकी मुठीपर्यंत आत गेली. खाली पोकळी होती. त्याने वाकून बघितलं, पहार तिथंच सोडली आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. नव्या घरमालकाने काय झालं म्हणून विचारलं, तर त्याने नुसतं आत बोट दाखवलं.

निरीक्षकबाई पोचल्या तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. गॅरेजच्या मधोमध जुना खड्डा होता, गाडीखाली उतरून दुरुस्ती करायचा. विटांचे तुकडे आणि माती टाकून तो कधीतरी बुजवलेला, वर सिमेंट ओतलेलं. भर खाली खचली होती, म्हणून पोकळी. भरीच्या तळाशी बाईमाणसाचा सांगाडा होता.

"कवटी मागून फुटलीय," डॉक्टर म्हणाले. "उजव्या मनगटात धातूची पट्टी आहे, सहा स्क्रू. पट्टीवर नंबर आहे. दवाखान्यात नोंद मिळेल."

"मॅडम, हे बघा," सहायक कोपऱ्यात उकिडवा बसून म्हणाला. "सिमेंट ओलं असताना कोणीतरी खिळ्याने तारीख कोरलीय."

नऊ मे. साल बारा वर्षांपूर्वीचं.

घर निरीक्षकबाईंनी फाटकातच ओळखलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्या इथं येऊन गेल्या होत्या. घरातली सून एप्रिलपासून बेपत्ता असल्याची तक्रार तिच्या आईने केली होती, तीही सहा महिने वाट बघून. दहा दिवसांत बाईंनी फाईल बंद केली. सून जिवंत असल्याचा पक्का पुरावा मिळाला होता. ऑक्टोबरच्या संसदेच्या निवडणुकीत तिने मत दिलं होतं. यादीत तिची सही होती.

मे महिन्यातल्या सिमेंटखालच्या बाईने ऑक्टोबरात मत दिलं होतं.

आपल्याला धक्का बसायला हवा, असं निरीक्षकबाईंना वाटलं. बसला नाही. त्यांनी हातमोजे काढून खिशात घातले आणि पट्टीचा नंबर वहीत उतरवून घेतला.

दवाखान्यात नोंद लगेच सापडली. नंबर त्याच सुनेचा. फेब्रुवारीत जिन्यावरून पडून मनगट मोडलं होतं. घरी सोडतानाच्या कागदावर तिची सही होती: मोठी, वेडीवाकडी, लहान मुलाने पाटीवर गिरवावी तशी.

"हाताला प्लास्टर होतं म्हणून का?" बाईंनी विचारलं.

"प्लास्टर काढल्यानंतरची आहे ही, मार्चमधली," तिथला कारकून म्हणाला. "खाली शेरा वाचा. मनगट पुरतं वळणार नाही."

*

नवरा लांब पल्ल्याच्या बसवर चालक होता. आता पन्नाशीचा, एका खोलीत एकटाच राहणारा. ठाण्यातल्या खुर्चीवर तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

"बायको गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"फेरीवर. चार दिवसांनी आलो तर ताई म्हणाली, ती बॅग घेऊन गेली. मला शोधू नका म्हणाली."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वाचनालयात सहायिका. लग्न केलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं तीच करायची.

"भांडण झालं होतं?"

"नाही हो. माझी बदली झाली होती, दोघं जाणार होतो. ती सामान बांधत होती. मग एकदम काय बिनसलं, बारा वर्षं डोकं खाजवतोय."

"खड्डा कोणी बुजवला?"

"भर आधीच टाकलेली होती. ताई म्हणाली, अंधारात कोणाचा तरी पाय जाईल त्यात. वरचं सिमेंट मी ओतलं."

"तारीख?"

"मीच कोरली." त्याने वर बघितलं. "मॅडम, तुम्हाला वाटतंय मी मारलं तिला. पण मे महिन्यात ती मेली असेल, तर ऑक्टोबरात मत द्यायला कशी आली? तुम्हीच फोनवर म्हणालात, सही आहे."

"मत द्यायला आली होती हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं?"

"ताईनं. तिनं कोणाकडून तरी ऐकलं होतं." त्याने गुडघे चोळले. "मत द्यायला आली आणि घरी आली नाही. मला तेच लागलं. दोन गल्ल्या तर अंतर."

"घर आत्ता का विकलं?"

"गेल्या वर्षी बाबा गेले. ताई विकायला तयारच नव्हती, आठ महिने हटून बसली. पण तिची नोकरी संपत आली, मला ते घर नकोसं झालेलं. शेवटी कशीबशी सही केली तिनं."

तो गेल्यावर निरीक्षकबाईंनी जुनी फाईल उघडली. आपलंच अक्षर. 'घरच्यांकडून समजले की बाई मतदानास आली होती. निवडणूक कार्यालयाकडे दूरध्वनीवर खात्री केली.' यादी त्यांनी स्वतः बघितली नव्हती. 'घरच्यांकडून' म्हणजे कोणाकडून, तेही लिहिलं नव्हतं.

"नवराच असणार," सहायक म्हणाला. "सिमेंट त्याचं, तारीख त्याची. अजून काय पाहिजे?"

"ती सही पाहिजे."

*

निवडणूक कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना सगळे आकडेमास्तर म्हणत. ते ह्या मतदारसंघाचा इतिहास लिहीत होते आणि त्यासाठी रोज जुन्याच कार्यालयात, जुन्याच टेबलाशी येऊन बसत.

"घरी बायको म्हणते, पेन्शन मिळाली तरी सवत सुटली नाही," त्यांनी फायलींच्या ढिगाकडे हात करून सांगितलं. "बसा. कुठली निवडणूक?"

"बारा वर्षांपूर्वीची."

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे एकुलती एक बघण्यासारखी! हा मतदारसंघ चौतीस वर्षांचा. शहराबाहेर वसाहती वाढल्या तेव्हा केला. नऊ निवडणुका झाल्या, आठ वेळा एकच पक्ष. दगड उभा केला तरी निवडून येईल म्हणायचे लोक. दोनदा तर दगडच केला होता उभा. उलटं झालं ते फक्त त्या वर्षी. एकोणीस मतांनी."

"मग?"

"मग हरलेला कोर्टात गेला. म्हणून कागद शाबूत आहेत. एरवी वर्षभरात रद्दीत जातात."

सदुसष्ट नंबरचं केंद्र. त्यांनी सीलबंद गठ्ठ्याची पावती केली, दोरा सोडला.

"ती गल्ली त्याच्या आधी शेजारच्या मतदारसंघात होती, शाळेत मत द्यायची. तिथं सगळे तोंडओळखीचे. त्या वर्षी हद्दी नव्याने आखल्या आणि गल्ली आमच्याकडे आली. केंद्र वाचनालयात. कर्मचारी परगावचे, कोणाचा कोणाला पत्ता नाही."

यादीत घरची चार नावं एकाखाली एक होती. वडील: सही नाही. मुलगा: सही नाही, तो फेरीवर होता. मुलगी: सही, दिवसभरात मत देणाऱ्यांत क्रमांक अकरा. सून: सही, क्रमांक तीनशे एक्क्याण्णव.

निरीक्षकबाईंनी दवाखान्यातला कागद शेजारी ठेवला. यादीतली सही बारीक, गोल, एका दमात केलेली होती. मनगट मोडण्याआधीचा हात.

"ह्या केंद्रावर काही घोटाळा?"

"मोठा नाही. सह्या सहाशे बारा, पेटीत मतपत्रिका सहाशे अकरा. एक मत कमी. कोर्टात म्हणाले, कोणीतरी खिशात घालून नेली असेल. नेतात हो लोक. कोणी रागाने, कोणी आठवण म्हणून."

"तीनशे एक्क्याण्णव किती वाजता?"

मास्तरांनी केंद्रप्रमुखाची डायरी काढली. "एकपर्यंत तीनशे पंचावन्न, चारपर्यंत चारशे सत्तर. म्हणजे दुपारी." त्यांचं बोट खाली सरकलं. "इथं नोंद आहे. 'एक ते चार: यादीवरील कर्मचाऱ्यास चक्कर. बदली व्यवस्था केली.'"

"बदली कोण?"

"नाव नाही लिहिलेलं. आयत्या वेळी कोण मिळणार? इमारतीत जो सरकारी माणूस हाताशी असेल, त्याला बसवतात."

निरीक्षकबाईंनी डायरी मिटली. बाहेर कोणीतरी टायपिंग करत होतं. त्यांनी तो आवाज थांबेपर्यंत ऐकला, मग उठल्या. जाता जाता त्यांनी दोन ठिकाणी चौकशी केली: निवृत्त केंद्रप्रमुखाकडे आणि वाचनालयात, जुन्या सभासदांच्या कार्डांच्या कपाटापाशी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊबहीण दोघांनाही बोलावलं. ताई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. भावाने तिच्यासाठी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"मेलेली बाई मत देत नाही," निरीक्षकबाईंनी सुरुवात केली. "म्हणजे सही दुसऱ्या कोणीतरी केली. आधी मला वाटलं, तिच्या नावाने कोणी बाई येऊन मत देऊन गेली. पण तसं असतं तर पेटीत मत असतं. पेटीत एक मत कमी आहे."

"त्याचा काय संबंध?" ताईने विचारलं.

"मतदार सही करतो, मतपत्रिका घेतो, पडद्याआड जातो, पेटीत टाकतो. हे सगळ्यांसमोर होतं. ज्याच्या बोटाला सकाळीच शाई लागलीय, त्याला दुसऱ्यांदा पेटीजवळ जाता येत नाही. पण जो टेबलाच्या आतल्या बाजूला बसलाय, त्याला सही करता येते. हिशेब जुळावा म्हणून गठ्ठ्यातली एक मतपत्रिका फाडून लपवताही येते. पेटीत मात्र टाकता येत नाही."

निरीक्षकबाई ताईकडे वळल्या.

"दुपारी एक ते चार यादीवर तुम्ही होतात. केंद्रप्रमुखांना आठवतंय. वाचनालयाच्या बाईंनी वेळ निभावून नेली म्हणाले."

"वरून हुकूम आला, बसले."

"आणि सही वहिनींच्या वाचनालयाच्या कार्डावरून उचललीत. कार्ड तेव्हाच पाच वर्षं जुनं होतं, मनगट धडधाकट असतानाचं. मोडल्यानंतर त्यांना तशी सही करताच येत नव्हती. हे बघा दोन्ही."

भाऊ कागदांकडे बघत होता. "ताई?"

"ह्यांनी केलं असतं," निरीक्षकबाई म्हणाल्या, "तर सही करायला ते तिथं हवे होते. ते दोनशे मैलांवर बस चालवत होते. मतदानाची बातमी ह्यांना तुम्ही दिलीत. मलाही तुम्हीच दिली असणार. मी लिहून ठेवलं नाही, ती चूक माझी. वहिनींची आई ठाण्यात जायचं म्हणत होती, तुम्हाला त्या जिवंत असल्याचा पुरावा हवा होता, आणि त्या दुपारी यादी आपसूक तुमच्या हातात आली. घर विकायलाही तुम्हीच आठ महिने आडव्या आलात."

ताईने पर्स टेबलावर ठेवली.

"ती गॅरेजमध्ये खोकी बांधत होती," ती सपाट आवाजात म्हणाली. "मी म्हटलं, तुम्ही दोघं चाललात, बाबांचं कोण बघणार? म्हणाली, तुम्ही आहात ना. नुसतं तेवढंच. मी ढकललं. मागे खड्डा होता, माझ्या लक्षात नव्हतं."

"लगेच गेल्या?"

"नाही. श्वास चालू होता."

"किती वेळ?"

"बाबांच्या औषधाची वेळ होईपर्यंत मी काठावर उभी होते. मग औषध द्यायला गेले. परत आले तेव्हा थांबला होता."

"तेव्हा पलीकडच्याच घरात एक डॉक्टर राहायचे."

"हो."

"आणि मग परसातला विटांचा ढीग."

"तीन दिवस लागले."

भाऊ उठून उभा राहिला. सहायक पुढे झाला, पण त्याची गरज पडली नाही. तो बहिणीकडे बघतही नव्हता. स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघत होता.

"मी ओतलं," तो म्हणाला. "थापीने सारखं केलं मी ते. चांगलं झालंय म्हणालो."

*

संध्याकाळच्या आत सांगायला हवं होतं, म्हणून निरीक्षकबाई एकट्याच गेल्या. सुनेची आई तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. सत्त्याहत्तर वर्षांची. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "तिला कळत होतं का?" निरीक्षकबाई म्हणाल्या, "माहीत नाही."

मग म्हणाल्या, "तुमची फाईल मी बंद केली होती. ती यादी मी तेव्हा डोळ्यांनी बघितली असती तर—"

"ओळखलं मी तुम्हाला. तुम्ही म्हणाला होतात, आजी, ती सुखात आहे, तिला तिच्या मनासारखं राहू द्या."

"म्हणाले होते," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"शेवटचं बोलणं माझ्याशी वाकडं झालं होतं," म्हातारी म्हणाली. "आजारी सासऱ्याला टाकून जाऊ नको, म्हणाले होते मी. फोन आपटला तिनं. म्हणून मला वाटलं, सगळा राग माझ्यावर. पुढच्या तिन्ही निवडणुकांना मी वाचनालयासमोर उभी राहिले, सकाळी सातपासून दारं लावेपर्यंत. मत द्यायला तरी येईल म्हटलं. शेवटच्या वेळी समोरच्या दुकानाच्या आडोशाला थांबले. म्हटलं, मला बघूनच परत फिरत असेल."

तिने पदराने चष्मा पुसला, पण लावला नाही.

"म्हणजे ती माझ्यावर रुसून बसली नव्हती इतकी वर्षं."

"नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या. "एक दिवससुद्धा नाही."