हात आल्याशिवाय

दुपारी एक वाजायच्या आत लशींच्या फ्रिजला गोधडी गुंडाळायची, हे लतिकाचं रोजचं काम. एकदा गुंडाळली की वीज परत येईपर्यंत दार उघडायचं नाही, मग कुणी का मागेना. फुजैराच्या वाटेवरच्या उघड्याबोडक्या डोंगरांत मिशनचा तो अकरा खाटांचा सूतिका दवाखाना होता. तिकडे दुबईत मॉलवर मॉल उठत होते, पण या खेड्यात वीज म्हणजे जावईबुवा. येतील तेव्हा येतील, आणि कशावरून रुसून जातील याचा नेम नाही. १९९७ च्या उन्हाळ्यात वीज रोज एकला जायची आणि चारला यायची.

मोठ्या डॉक्टरबाईंना त्याचं काहीच वाटत नसे. गोऱ्या, सत्तरीला आलेल्या, पण पाठ सरळ. आफ्रिकेतल्या एका खेड्यात मिशनच्या कामात त्यांची अठरा वर्षं कंदिलावर गेली होती, आणि तिथली शिस्त त्यांनी इथे जशीच्या तशी आणली होती. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना आतून घोंगड्या ठोकायच्या. चादरी ओल्या करून ठेवायच्या. वीज गेली की आधी व्हरांड्यात प्रार्थना, मग काम. आणि सगळ्यांत कडक नियम पिशवीचा. श्वास घ्यायला विसरणारं बाळ असलं आणि यंत्र बंद पडलं, की त्याच्या तोंडावर रबरी मुखवटा धरून हवेची पिशवी हाताने दाबत राहायची. एक, दोन, तीन, दाब. दमलं की हाक मारायची. दुसरीने येऊन आपला हात त्या हातावर ठेवला, की मगच पहिलीने सोडायची. हात आल्याशिवाय पिशवी सोडायची नाही. घोंगड्यांमुळे वॉर्डात भरदुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे, म्हणून सगळा भरवसा स्पर्शावर.

याच नियमापायी आदल्या उन्हाळ्यात तानुबाई गेली. जालन्याकडच्या मिशन दवाखान्यातली ही जुनी दाई. लतिका तिच्याच हाताखाली तयार झाली, आणि दोघी एकाच विमानाने इकडे आल्या. येशूवर आणि मशेरीवर तानुबाईची सारखीच श्रद्धा. येताना कपडे कमी आणि मशेरीचे डबे जास्त आणले होते. त्या दुपारी तिने वॉर्डातून हाक मारली, "लतिका, हात दे." शेजारच्या खोलीत ओल्या चादरीवर पडलेल्या लतिकाने ती ऐकली. कूस बदलली आणि उशीत तोंड खुपसून पुटपुटली, "पाच मिनिटं, मावशी." जाग आली तेव्हा अर्धा तास उलटला होता. तानुबाई पाळण्यावर ओणवी पडली होती, मूठ पिशवीवर आवळलेली. पाळण्यातलं बाळही गेलं होतं. उष्म्याने हृदय बंद पडलं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. हाकेबद्दल लतिकाने वर्षभर कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. पण तेव्हापासून ती उशी न घेता झोपायची.

यंदाच्या उन्हाळ्यातल्या एका बुधवारी पाळण्यात बदरुन्निसाचं बाळ होतं. तिचा बलुची नवरा ट्रक चालवायचा. आधीची दोन मुलं गेलेली, आणि हे तिसरं सातव्या महिन्यातच आलं. शहरातून अँब्युलन्स यायला संध्याकाळ होणार होती. तोवर त्याला जगवायचं, एवढंच काम होतं. सकाळी बदरुन्निसाने लतिकाचा हात धरून विचारलं होतं, "सिस्टर, ये वाला रहेगा ना?"

"इन्शाल्ला," लतिका म्हणाली. तिकडे सगळेच म्हणतात.

एकला वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. नेमकी त्याच वेळी दुसरी एक बाई अडली, मूल आडवं होतं. दवाखान्यात धड चालणारी बॅटरी एकच. ती डॉक्टरबाईंनी उचलली आणि हैदराबादच्या सायरा आयाला बरोबर घेतलं.

"लतिका, अकेली संभालोगी?"

"संभालूंगी, डॉक्टरबाई."

"थक गयी तो आवाज देना. सायरा आएगी."

दार लागलं. काळोखात उरला तो पिशवीचा उसासा, आणि डेटॉलचा, रबराचा, घामेजल्या घोंगड्यांचा वास. लतिकाचा डावा तळवा बाळाच्या छातीवर होता. चिमणीएवढी ती छाती दर दाबाला फुगत होती. एक, दोन, तीन. किती वेळ गेला कळेना. आधी बोटं बधिर झाली, मग मनगट, मग कोपरापर्यंत कळा येऊ लागल्या.

"सायरा..."

पलीकडे ती अडलेली बाई ओरडत होती. कुणी ऐकणं शक्यच नव्हतं.

"सायरा, हात दे..."

शब्द तोंडातून गेले आणि लतिकाच्याच अंगावर काटा आला. हे शब्द तिचे नव्हते.

तेव्हा हात आला. दार न वाजता, उजव्या बाजूने. एवढ्या उष्म्यात तो गार होता. खरखरीत, धुणी धुऊन भेगाळलेला. क्षणभर लतिकाला हायसं वाटलं. मग मशेरीचा वास आला.

"कोण... कोण आहे?"

"एक... दोन... तीन..." कानाशी हलक्या आवाजात मोजणं सुरू झालं. सायराला मराठी येत नव्हती.

लतिकाने पिशवी घट्ट धरली. या हातात शेवटचं बाळ मेलं होतं. तिला ते द्यायचं नव्हतं. गार बोटंही सोडेनात. दोघींच्या ओढाताणीत ताल चुकला आणि तळव्याखालची छाती थांबली. एकदम थांबली. बदरुन्निसाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. आणखी भांडले तर हे पोर माझ्यामुळे जाईल, हे तिला कळून चुकलं. आणखी एक.

तिने पिशवी सोडली.

छाती पुन्हा फुगली. संथ, न चुकता. लतिका पाळण्यापासून मागे सरकली, भिंतीला टेकली आणि खाली बसली.

"आता पड तू जरा..." काळोखातून आवाज आला. "पाच मिनिटं..."

ते शब्द तिने उशीत म्हटले होते. उशीशिवाय ते कुणी ऐकलेच नव्हते.

चारला दिवे लागले. डॉक्टरबाई आत आल्या, तेव्हा बाळ गुलाबी होतं आणि यंत्र चालू झालं होतं. लतिका भिंतीशी, पाळण्यापासून चार हात दूर बसली होती.

"मैं बीच-बीच में दरवाजे तक आयी थी," सायरा म्हणाली. "अंदर गिनती चालू थी, तुमारी मराठी में. तीन घंटे चली सिस्टर. मैं बोली, लतिका सिस्टर को मदद का हाथ नहीं होना."

संध्याकाळी अँब्युलन्स बाळाला घेऊन गेली. जाताना बदरुन्निसाने लतिकाच्या हाताचं चुंबन घेतलं. लतिकाला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते श्रेय तिचं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी एकला पुन्हा वीज गेली. व्हरांड्यात सगळे डोळे मिटून प्रार्थनेला उभे राहिले. वॉर्डातला पाळणा रिकामा होता.

"लतिका... हात दे..."

तिने डोळे उघडले. डॉक्टरबाईंचे ओठ हलत होते. सायराची मान खाली होती. कुणीही ऐकलं नव्हतं.

या वेळी तिने पाच मिनिटं मागितली नाहीत. ती आत गेली, दार लोटलं, चाचपडत पाळण्यापाशी पोहोचली. पिशवीवर गार मूठ होती. तिने त्या मुठीवर आपला हात ठेवला. मूठ अलगद निसटून गेली, फार दमलेल्या माणसाने निसटावं तशी. मशेरीचा वास विरला, आणि लतिकाला रडू आलं.

तिने पिशवी दाबली. खाली बाळ नसलं की हवा फुस्सकन निघून जाते, हाताला काही लागत नाही, हे कुठलीही नर्स सांगेल. लतिकाच्या हाताला लागत होतं. दर दाबाला एक इवलीशी छाती भरत होती. तिने डाव्या हाताने चादर चाचपली. चादर सपाट होती, कोरडी होती. मावशी वर्षभर कुठल्या बाळाला धरून बसली होती, ते तिला कळलं.

बाहेर प्रार्थना संपली. सायरा तिला हाका मारत होती. लतिकाने ओ दिली नाही. मोजणं चुकलं असतं. बोटं बधिर झाली, मनगट गेलं. दमल्यावर तिने एकदा हळूच हाक मारून पाहिली.

"मावशी... हात दे..."

काळोखात कुणी हललं नाही. हात आला नव्हता, म्हणून तिने पिशवी सोडली नाही.