एक चाप, एक गोळी

मार्च महिन्यात तिसऱ्यांदा शेरीफची गाडी अंगणात शिरताना दिसली, तेव्हा रूडी सारेलाने हातातला मग असा आपटला की निम्मी कॉफी टेबलावर सांडली.

"डोलोरेसच असणार. त्या बाईला दुसरा उद्योग नाही."

"पुसून घे," त्याची बायको एल्वी म्हणाली. तिचे हात पिठात होते.

रूडीने लोखंडाच्या खाणीतल्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर त्याने एक छंद लावून घेतला. महायुद्धात फिनलंडच्या सैनिकांनी वापरलेल्या सुओमी बंदुकीचे, कायद्याप्रमाणे कापून निकामी केलेले तुकडे त्याने पोस्टाने मागवले. आजोबांच्या देशाची बंदूक. कोणत्या माणसाच्या हातातली, ते पार्सलवर लिहिलेलं नव्हतं. मूळची सुओमी चाप दाबून धरला की सलग गोळ्या ओकायची. तशी बनवली तर थेट तुरुंग. म्हणून रूडीने मधला सांगाडा नवा केला, नळी कायद्याला हवी तेवढी लांब बसवली, आणि आतली रचनाच बदलली. चाप एकदा दाबला की एकच गोळी. या कामात दीड वर्ष गेलं. बर्चच्या लाकडाचा जुना दस्ता मात्र त्याने तसाच ठेवला, फक्त जवसाचं तेल चोळून.

रविवारी चर्च आटोपलं की तो घरामागच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जाऊन रिकाम्या डब्यांवर नेम धरायचा. आणि पलीकडच्या वळणावर राहणारी डोलोरेस बोद्री दर वेळी शेरीफच्या कचेरीत फोन फिरवायची : सारेला मशिनगन चालवतोय, माझ्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात.

गाडीतून ब्रेंट निएमी उतरला. रूडीच्या वर्कशॉपमधल्या जोडीदाराचा मुलगा, आता शेरीफच्या हाताखाली डेप्युटी झालेला. त्याने टोपी काढून हातात धरली.

"रूडी, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण..."

"तो 'पण' गिळ आधी. बूट चढवलेच आहेस, तर चल खाणीत. तूच गोळ्या झाडून बघ."

दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन, वारा नाही. ब्रेंटने दहा गोळ्या झाडल्या. एक एक करून, सुट्या सुट्या. मग त्याने चाप दाबून धरला आणि थांबला. एकच गोळी सुटली.

"झालं समाधान?"

"झालं." ब्रेंटने मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, रिकाम्या नळीत डोकावून पाहिलं. "काम मात्र सुरेख केलंय तुम्ही. बाबा असते तर..."

उजवीकडच्या झाडीतून आवाज आला.

चार-पाच गोळ्या, सलग. क्षणभर खंड. मग एक लांबलचक फैर, कापड टरकन फाडावं तशी.

बंदूक ब्रेंटच्या हातात होती. उघडी, रिकामी.

"ऐकलंस?" रूडी ओरडला. त्याला चक्क आनंद झाला होता. "आता सांग त्या बाईला! मी वाजवली? सांग ना, मी वाजवली का?"

ब्रेंट झाडीकडे बघत होता. "अशी बंदूक इथे अजून कोणाकडे आहे?"

"मला काय विचारतोस? ते शोधायचा पगार तू घेतोस."

पण तोही त्याच्या मागोमाग निघाला. बर्फ गुडघ्याएवढा होता. दोनशे पावलांवर फर झाडांच्या बुडाशी एक जागा वितळलेली दिसली. लांबट, अरुंद, खालच्या ओल्या शेवाळापर्यंत. भोवतीचा बर्फ कोरा. कुठूनही तिथे पाऊल आलेलं नव्हतं, तिथून कुठे गेलेलंही नव्हतं.

"हरीण बसलं असेल," ब्रेंट म्हणाला.

"कोपरं टेकून?"

खरंच, पुढच्या टोकाला दोन खळगे होते, बाजूबाजूला. मागे दोन टाचांचे. पालथं पडून कोणी नेम धरावा तसे. रूडीने त्या रेषेत पाहिलं. समोर, फांद्यांच्या मधून, ते दोघं मघाशी उभे होते ती जागा स्वच्छ दिसत होती.

"चला परत," ब्रेंट म्हणाला.

ते आपल्याच पावलांवरून परतले. मघाशी उभे होते तिथे, त्यांच्याच बुटांच्या ठशांवर, तसाच लांबट खड्डा पडला होता. याच्यातून अजून वाफ निघत होती. याचं तोंड घराकडे होतं.

दोघं झपाट्याने अंगणात परतले.

गाडीत बसल्यावर ब्रेंटने काच थोडीशीच खाली केली. "अहवालात काय लिहू?"

"लिही, बंदूक कायदेशीर आहे," रूडी चिडून म्हणाला. "आहेच ती."

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी एल्वी बाजाराला गेल्यावर त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बंदूक सुटी करायला घेतली. दस्ता वेगळा, नळी वेगळी, बोल्ट वेगळा. प्रत्येक तुकडा तेलकट कागदात गुंडाळून वेगळ्या खोक्यात घातला. शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. त्याला जरा हलकं वाटलं.

एल्वी आली. पिशव्या ठेवून, कोट काढत आतल्या खोलीत गेली.

"रूडी! अरे, काही लाज? ओल्या कपड्यांनी पलंगावर लोळलास? गादीपर्यंत चिंब झालंय सगळं!"

"मी या खुर्चीतून उठलेलो नाही."

"मग ही चादर काय मी भिजवली?"

तो उठून दारात गेला. चादरीवर लांबट, अरुंद ओल उमटली होती. पायथ्याशी कोपरांचे दोन खोल खळगे, उशीवर दोन टाचांचे. त्याने ओलीवर हात ठेवला. कोमट होती.

तो पायथ्याशी वाकला, डोकं त्या दोन खळग्यांच्या उंचीला आणलं आणि समोर पाहिलं. अर्धवट उघड्या दाराच्या फटीतून एकच गोष्ट दिसत होती. सकाळपासून तो ज्या खुर्चीत बसला होता, तिची पाठ.