श्वेलनआंग्स्टचं कार्ड

घड्याळजीने दुकानाचं दार उघडलं, तेव्हा ती काचेबाहेर पाऊण मिनिट उभी होती. त्याच्या धंद्यात असलं मोजलं जातं.

"आत येता, की इथूनच दाखवता?"

"घड्याळ चालतंय हो," ती म्हणाली. "घोडं अडलंय."

समोरच्या इमारतीत ती जर्मन-मराठी शब्दकोशाचं काम करायची. तिथला नियम कडक. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, त्यावर वापराचं एक वाक्य हवं, आणि ते मनाने रचलेलं नको, कुणाच्या तरी तोंडून आलेलं हवं. या आठवड्यात तिच्या वाट्याला आला होता 'श्वेलनआंग्स्ट'. श्वेले म्हणजे उंबरठा, आंग्स्ट म्हणजे भीती.

"उंबरठ्याला कोण भितं?"

"उंबरठ्याला नाही हो. दुकान असो, नाट्यगृह असो... जायचं तर असतं, दार उघडं असतं, आत कुणी खायला बसलेलं नसतं — पण पाऊल पडत नाही."

"हां! अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात. म्हणजे... येत नाहीत."

कार्डाला एवढं पुरे होतं. पण तिने मान हलवली. "जरा आणखी सहज हवं. उद्या येते."

ती मंगळवारी आली, बुधवारीही आली. तो डोळ्याला भिंग लावून वाक्यं सांगायचा, ती एकेक नापास करायची. दोघंही मन लावून काम करत होती, असं म्हणायला हरकत नाही.

गुरुवारी ती म्हणाली, "संपादकांनी कार्ड मागितलंय. उद्या सकाळी."

"म्हणजे उद्यापासून..."

"पुढचा शब्द. त्याला घड्याळजी लागत नाही."

त्याने भिंग उतरवलं. भिंगाशिवाय तो अगदीच साधा दिसत होता.

"मग घ्या लिहून. 'दोनदा तुमच्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत आलो, आणि श्वेलनआंग्स्टने परत फिरलो.'"

पेन थांबलं. "हे... उदाहरण म्हणून?"

"खरंखुरं हवं होतं ना तुम्हाला?"

"जिन्यापर्यंत कशाला आला होतात?"

"विचारायला — शब्द संपल्यावर कोणत्या निमित्ताने याल?"

तिने वाक्य लिहिलं, खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कार्ड थेट पर्समध्ये टाकलं.

"हे काही संपादकांना देता यायचं नाही."

"का? चुकलं?"

"वाक्य पक्कं आहे. पण घरच्या माणसांची वाक्यं आम्ही कोशात घेत नाही."

त्याचे कान लाल झाले. "घरच्या... म्हणजे?"

"अर्थ सोपा आहे," ती स्टूल पुढे ओढत म्हणाली. "वापर बघू हळूहळू."