नुसतं पाहाले या

मालेगावहून कारंज्याला निघालेल्या माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर, खिडकीशी एक एसटी बसली होती.

एसटीच. हातभर लांबीची, लाल, आरसे लावलेली, टपावर कॅरियर असलेली. तिच्या शेजारी चौकड्याच्या शर्टातला एक जण तिच्यापुढे हात आडवा धरून बसला होता, गाडीने ब्रेक मारला तर ही पडायला नको म्हणून. बाहेर बारीक पाऊस, आत ओल्या पिशव्यांचा वास, आणि दोन बाया उभ्या.

"हे मांडीवर घ्या," मी म्हणाले.

मी सुकेशनी, कारंजा आगाराची कंडक्टर. संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसतो, पाय सुजतात, आणि माणसं दिसेनाशी होऊन नुसती डोकी दिसायला लागतात. अशा वेळी कोणी वाद घातला की मला रडू तरी येतं, नाहीतर राग तरी.

"मांडीवर आरसे मोडतात हिचे," तो म्हणाला. "हिचं बी तिकीट काढतो ना मी."

"फुल लागंल."

"काहून? लालपरी हाये. बाईमानूस. अर्धं लागते तिले."

हसायचं नव्हतं... पण हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. लगेच तोंड आवरून म्हटलं, उचला. त्याने मुकाट्याने उचलली, आणि कारंजा येईपर्यंत गुडघ्याला टेकू न देता तशीच अधांतरी धरून बसला. उतरताना त्याला हात सरळ करता येईनात. मला उगीचच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गाडीत. तिसऱ्याही दिवशी. नाव अश्वजित. मालेगावात फ्लेक्सच्या दुकानात कामाला होता, आणि बोर्डाची जी कात्रणं उरत त्यांच्या गाड्या करायचा – ट्रक, ट्रॅक्टर, जीप, एसटी. शेलूबाजार गेलं की गाडी जरा रिकामी व्हायची. मग मी माझ्या सीटवर टेकायचे आणि तो बोलायचा. मी नुसती हूं हूं करायचे. पण एखाद्या दिवशी तो दिसला नाही, तर तो रस्ता संपता संपत नसे. हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या साली एका मंडळाने अशा गाड्यांची स्पर्धा ठेवली होती, ही गोष्ट त्याने हळूहळू सांगितली. तो आणि त्याचा लहानपणचा मित्र विकास, दोघांनी एकाच टेबलाशी बसून दोन ट्रक केले. एकमेकांचा डिंक वापरून. अश्वजितचा पहिला आला, विकासचा दुसरा. त्या दिवसापासून विकास बोलत नव्हता.

"कप भेटला अन् दोस्त गेला," तो म्हणाला. "त्या कपात आई आता लसून ठेवते."

म्हणून त्याने ठरवलं होतं की एकदा अशा गाड्या करणाऱ्या सगळ्या पोरांनी आपापल्या गाड्या आणायच्या आणि टेबलावर मांडायच्या. परीक्षक नाही, नंबर नाही, कप नाही. बघायचं, विचारायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. पोरं म्हणत, मग आणायची कशाला? आपल्याकडे असं कधी कोणी केलंच नव्हतं. तो बिचारा दर संध्याकाळी नवा नकार घेऊन गाडीत चढायचा आणि तरी फोन करत राहायचा.

मला ते कळत होतं. जरा जास्तच कळत होतं. मला पाहायला येणाऱ्यांची आमच्या घरी रांग लागून गेली होती. एकाला मी सावळी वाटले, एकाला उंच. एकाच्या आईला, गाडीत दिवसभर परक्या पुरुषांत उभी राहणारी सून नको होती. कोणी तोंडावर नाही म्हणत नसे. "अजून एक पाहून कळवतो" म्हणत आणि कळवत नसत. मी प्रत्येक वेळी दुसरी यायचे.

आणि अशात एका संध्याकाळी तो उत्साहाने म्हणाला, "येत्या रविवारी कारंज्यातच, शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं. तुमी बी या ना. नुसतं पाहाले या."

पाहाले! तो शब्द नेमका दुखऱ्या जागी लागला.

"रविवारी मलेच पाहाले येऊन राह्यले," मी म्हणाले. "मूर्तिजापूरचे."

मी त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोल, असं मनात म्हटलं... त्याने खिडकीबाहेर पाहिलं. कारंजा आलं, तो उतरून गेला. मी पुढच्या फेरीची तिकिटं फाडत राहिले. एवढी थकवा आणणारी संध्याकाळ मला आठवत नाही.

रविवारी मूर्तिजापूरकर आले. पोहे झाले, चालून दाखवणं झालं. मुलगा बरा होता, मोबाईल बघत होता. निघताना त्याचे काका आईला म्हणाले, "ललिताबाई, आमी आता मंगरूळची एक पोरगी पाहून घेतो. मंग कळवतो."

"कळवू नका," मी म्हणाले.

ओरडले नाही. ओरडायला ताकदच नव्हती. ते गेल्यावर मला वाटलं आई रागावेल. मी चपला घालायला लागले तेव्हा ती फक्त म्हणाली, साडीवरच चालली का? मी हो म्हटलं.

शाळेच्या व्हरांड्यात मुलांचे बाक ओळीने लावले होते. त्यांवर ट्रॅक्टर, ट्रक, एक खटारा, एक ॲम्ब्युलन्स. पोरं आपापल्या गाडीमागे लाजून उभी होती. एक म्हातारेबुवा, "मंग पहिला कोनाचा?" असं ज्याला त्याला विचारत फिरत होते. आणि कोपऱ्यात विकास. अश्वजितशी बोलत नव्हता, पण ट्रक घेऊन आला होता, आणि एका पोराला त्याचं बोनेट उघडून दाखवत होता.

अश्वजितने मला पाहिलं आणि चहाचे दोन कप घेऊन आला. मी पायरीवर बसले, चपला काढल्या. टाचा ठणकत होत्या.

"जमलं?" त्याने खाली बघून विचारलं.

"मोडलं. मीच मोडलं. तुमी त्या दिवशी गप काहून बसले?"

त्याने कपाच्या काठावर बोट फिरवलं. "ते येनार होतेच. मी बी बोललो असतो तं... मंग तुमाले आमच्यातला एक वर अन् एक खाली ठेवा लागला असता. मले पुन्हा कोनासंगं नंबर नाई लावाचा. तुमच्यापाशी तं नाईच."

हे ऐकून मला माया यावी की राग, कळेना. राग आधी आला.

"नंबर नको म्हनून मानसानं नाव बी देऊ नाई का? या पोरायनं गाड्याच आनल्या नसत्या, तं लोकायनं काय रिकामे बाक पाह्यले असते?"

तो हसला नाही. कप खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, डोळे न चुकवता.

"मले तुमी आवडता," तो म्हणाला. "मालेगावात खोली हाये माही. पयले मी इकडं कारंज्याले घरी फक्त रविवारी येत होतो."

म्हणजे रोज संध्याकाळी... आणि पहाटेच्या गाडीने परत! त्या रस्त्याने माझी हाडं खिळखिळी झालीत, पण मला पगार मिळतो. या माणसाला काय मिळत होतं? माझं हूं हूं.

डोळे भरून आले. ते पुसायलाही हात उचलवेना, म्हणून तसेच राहू दिले. तो बघत होता आणि मला अवघडल्यासारखं झालं नाही.

"उद्या घरी या," मी म्हणाले. "आईले हेच सांगा."

"पाहाले येऊ?"

"पाहाचं झालं. सांगाले या."

"अन् तिनं दुसरा कोनी मनात धरला असंल तं?"

"तुमी नाव तं द्या," मी म्हणाले. "बाकीचं मी पाहाते."